पन्नाशीत जायरोकॉप्टर शिकावं का? (मुक्काम पोस्ट देवगड)

सड्यावरचा
९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४९. देवगड तालुक्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) हापूसची कलमं आणि शेजारी तीन खोल्यांचं होमस्टे. गाडी, ट्रॅक्टर, होडी चालवता येते. पॉवर टिलरने एकदा पायाचं नख नेलं, ते सोडलं तर यंत्रांशी माझं बरं जमतं.

गेल्या मोसमात एक जर्मन पाहुणा राहायला होता. रात्री सोलकढी पिता पिता त्याने मोबाइलवर त्याचं जायरोकॉप्टर दाखवलं. स्कूटरला शेपूट लावावं, पाठीमागे पंखा बसवावा आणि डोक्यावर दोन लांब पाती, असं काहीतरी. तो म्हणाला, इंजिन बंद पडलं तरी पानासारखं अलगद खाली येतं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. यंत्र अजून उडालेलं नाही.

विमानाचा काहीएक अनुभव नाही. विमानात बसलोय तोही दोनदाच, आणि दोन्ही वेळा खिडकी मिळाली नाही. अशा माणसाला या वयात हे शिकता येईल का? किती दिवस लागतील? आणि आपल्या किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात, हे यंत्र चालवण्यात शहाणपणा आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

खेकडा_चावला
९ नोव्हेंबर, रात्री ९:५२

पंख्याक खुर्ची बांधून उडतलंस? आमच्या कलमार पडलंस तर पेटयेचे पैशे कोण देतलो?

नारळपाणी
९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

कुरमुरे-शेंगदाणे घेऊन बसलोय. येऊ द्या.

कोकमसार
९ नोव्हेंबर, रात्री १०:३१

शेवटचं वाक्य सर्वांत आधी दुरुस्त करा. बाकीचं मग बघू.

तिरपी_पाती
१० नोव्हेंबर, पहाटे ३:१८

मी मूळचा रत्नागिरीचा, गेली चौदा वर्षं इंग्लंडात. जायरोचं लायसन्स आहे, एकशेसाठ तास झालेत, म्हणजे या विषयात अजून चड्डीतच आहे. तरी लिहितो.

आधी यंत्र समजून घ्या. तुमच्या देवगडच्या पवनचक्क्या आठवा. घरातला पंखा वीज खातो आणि वारा देतो. पवनचक्की वारा खाते आणि फिरते. हेलिकॉप्टर म्हणजे पंखा, जायरो म्हणजे पवनचक्की. हवेत असताना डोक्यावरच्या पात्यांना इंजिनाची ताकद मिळतच नाही. इंजिन फक्त पाठीमागचा पंखा फिरवतं, तो यंत्राला पुढे रेटतो. वरची पाती किंचित मागे कललेली असतात, त्यांच्यातून खालून वर हवा जाते आणि त्या हवेवर ती फिरत राहतात. त्यामुळे जायरोला हेलिकॉप्टरसारखं एका जागी लटकता येत नाही आणि साध्या जायरोला जागच्या जागी उठताही येत नाही. धावपट्टी लागते, लहानशी का होईना. उतरायला मात्र अगदी थोडी जागा पुरते. यातच नवशिका फसतो: जिथे उतरता येतं, तिथून परत उठता येईलच असं नाही.

आता शिकण्याबद्दल. सगळ्यांना वाटतं की उडणं अवघड. उडणं त्यातल्या त्यात सोपं आहे. माझे पहिले कित्येक तास जमिनीवरच घाम काढण्यात गेले. पट्टीच्या टोकाला उभं राहायचं, इंजिनाच्या जोडणीने पाती मिनिटाला दोनशे फेऱ्यांपर्यंत आणायची, जोडणी सोडायची, काठी (यंत्राचा कल बदलायची दांडी) पूर्ण मागे ओढायची, ब्रेक सोडायचा, आणि मग हळूहळू थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा. हे ‘हळूहळू’ फार महत्त्वाचं. पाती सावकाश फिरत असताना यंत्र जोरात पळवलंत तर ती वरखाली झापडायला लागतात, काठी हातात वेड्यासारखी उडते, आणि पाती शेपटीला लागली की तुमचा मोसम संपला. हे मी स्वतः करून बसलो होतो, सातव्या तासाला. मागे गुरुजी होते म्हणून शेपूट वाचली. त्यांनी थ्रॉटल बंद केला, यंत्र थांबवलं आणि चहा पाजला. एक शब्द बोलले नाहीत. तो चहा अजून आठवतो.

दुसरी गोष्ट, आणि ही पाठच करा: हवेत काठी झटकन पुढे ढकलायची नाही. तुम्ही शिंकाळ्यातलं मडकं आहात. वरची दोरी ताणलेली आहे तोवर सगळं झकास. तुम्ही झटक्यात नाक खाली घातलंत की क्षणभर वजन हलकं होतं, दोरी सैल पडते, पात्यांतून जाणारी हवा कमी होते आणि ती मंदावतात. विमानात हा झटका पोटात गोळा आणून सोडून देतो. इथे तो जीव घेऊ शकतो. म्हणून कधीकधी विमान चालवणाऱ्या अनुभवी माणसापेक्षा कोरी पाटी बरी. त्या अर्थाने तुमचं दोनदा विमानात बसणं आणि खिडकी न मिळणं हे भांडवलच समजा.

तास किती? इंग्लंडात लायसन्ससाठी किमान चाळीस, त्यातले दहा एकट्याने. अमेरिकेत स्पोर्ट पायलटला किमान वीस आहेत. किमान म्हणजे किमान. मला अठ्ठावन्न लागले.

पुणेरी_प्रश्न
१० नोव्हेंबर, सकाळी ११:०२

एक शंका. धागाकर्ते लिहितात ‘पानासारखं अलगद येतं’, तिरपी_पाती लिहितात ‘झटका जीव घेऊ शकतो’. दोन्ही एकाच यंत्राबद्दल आहे का? नक्की ठरवा आणि मग चर्चा करा.

निवृत्त_सार्जंट
१० नोव्हेंबर, दुपारी १:२०

दोन्ही खरं आहे, पुणेरी. इंजिन बंद पडणं हा यंत्राचा दोष, काठी झटकणं हा माणसाचा. जायरो पहिला दोष पोटात घालतं, दुसरा घालत नाही.

वायुसेनेत तांत्रिक विभागात होतो, आता दापोलीत आंबे राखतो. (राखतो म्हणजे वानरांशी भांडतो.) जायरोवर काम केलेलं नाही, पण पात्याची विद्या थोडीफार तीच. इंजिन गेल्यावर पाती फिरतच राहतात, कारण ती मुळात इंजिनावर नव्हतीच. यंत्र घरंगळत खाली येतं. पण किती लांब? विमानासारखं नाही. साधारण एक मीटर खाली येताना तीन ते चार मीटर पुढे. म्हणजे तीनशे मीटरवर इंजिन गेलं तर हाताशी फार तर किलोमीटरभर जागा आहे, तीही वारा अंगावर नसेल तर.

तेव्हा सड्यावरचा, उद्या गच्चीवर जा आणि घराभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ डोळ्यांनी काढा. त्यात काय काय येतं ते इथे लिहा.

सड्यावरचा
११ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

गेलो गच्चीवर. लिहितो.

पश्चिमेला कडा आणि खाली समुद्र. उत्तरेला कलमं, आमची आणि चुलत्यांची. पूर्वेला कातळ, पण त्यात तीन चिरेखाणी, त्यातल्या दोन पाण्याने भरलेल्या. दक्षिणेला रस्ता, त्यावर विजेच्या तारा, पुढे शाळा. मोकळा सपाट कातळ म्हणावा असा तुकडा एकच, आणि त्यावर सध्या चुलत्यांची गुरं आहेत.

आयुष्यभर बघतोय हा सडा. सपाट वाटायचा.

खेकडा_चावला
११ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

गुरांका आधी लायसन दी.

हर्णैकर
११ नोव्हेंबर, दुपारी ४:०८

वाऱ्याचं कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. आमचा मासळीचा धंदा, आजोबांपर्यंत शिडाच्या होड्या होत्या. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्यावर होड्या बाहेर काढायच्या. दुपारी खारा सुटला की त्यावर घरी यायचं. सगळं वेळापत्रक वाऱ्याचं. आजोबा घड्याळ वापरायचे ते मुंबईच्या बोटीसाठी.

तुम्ही कड्यावर राहता. खारा वारा समुद्रावरून सपाट येतो आणि कड्याला आपटून वर चढतो. घारी कड्यासमोर पंख न हलवता तरंगतात ते त्यावरच. पण कड्याच्या मागे, जमिनीच्या बाजूला, तोच वारा गुंडाळतो. आमच्या वाळवणीवरचं जाळं तिथे उलटं उडतं. तुमची धावपट्टी त्या गुंडाळ्यात येणार की काय ते बघा.

तिरपी_पाती
१२ नोव्हेंबर, रात्री १:५५

हर्णैकर, दंडवत. हेच मला एका मंत्रालयी दिसणाऱ्या पुस्तकातून चार महिने शिकावं लागलं.

एक भर घालतो. झुळका-झटक्यांत जायरो त्याच वजनाच्या लहान विमानापेक्षा कमी हलतं, कारण पाती अरुंद आणि भरधाव असतात. पण त्यामुळेच नवशिक्याला फाजील आत्मविश्वास येतो. हवेत आरामात, उतरताना मात्र वारा आडवा. चाकं टेकताना यंत्र बाजूला सरकत असेल तर कलंडतं. वर आठ-साडेआठ मीटर व्यासाची पाती फिरतायत हे लक्षात घ्या. कलंडलं की तीच पहिली जमिनीला लागतात.

सड्यावरचा, तुम्हाला घरचा अभ्यास देतो, फुकट आहे. कातळावर एक बांबू रोवा, टोकाला फडकं बांधा. रोज सकाळी सात, अकरा आणि चार वाजता वहीत लिहा: वारा कुठून, फडकं लोंबतंय, हलतंय की ताठ. यंत्र मिळो न मिळो, वही मिळेल.

सड्यावरचा
१२ नोव्हेंबर, सकाळी ८:०३

बांबू रोवला. फडकं म्हणून बायकोच्या जुन्या नऊवारीचा काठ लागला, त्यामुळे तिला सांगावंच लागलं. तिची प्रतिक्रिया: “आधी पत्र्याची गळती काढा, मग उडा.”

कोकमसार
१२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

घारीची_सावली
१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४४

अवांतर, पण राहवत नाही. जायरोचा जन्मच एका अपघातातून आहे. स्पेनचे हुआन दे ला सिएर्वा यांनी मोठं बॉम्बफेकी विमान बनवलं होतं. १९१९ मध्ये ते जमिनीजवळ वेग कमी पडून कोसळलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की वेग कमी झाला तरी पडणार नाही असं यंत्र करायचं. सुरुवातीची यंत्रं उठायची आणि एका बाजूला कलंडायची. कारण पुढे जाणाऱ्या यंत्रात एका बाजूची पाती वाऱ्याच्या तोंडावर जातात, दुसऱ्या बाजूची वाऱ्याबरोबर मागे; एकीकडे उचल जास्त, दुसरीकडे कमी. छोटं मॉडेल मात्र छान उडायचं, कारण त्याची पाती लवचीक होती. मग त्यांनी मोठ्या यंत्रात पात्याच्या मुळाशी बिजागरी घातली. जास्त उचल मिळाली की पातं वर उचललं जातं, कमी मिळाली की खाली येतं, हिशेब आपोआप जुळतो. १९२३ च्या जानेवारीत ते यंत्र उडालं. पुढे हेलिकॉप्टरवाल्यांनी ही बिजागरी उचलली.

आणि हे सिएर्वा १९३६ मध्ये गेले ते साध्या प्रवासी विमानात प्रवासी म्हणून बसले असताना, लंडनजवळ क्रॉयडनला. धुक्यात उड्डाण करताना अपघात झाला.

आता माझा खरा मुद्दा. किनाऱ्यावरच्या उंच सुरूंवर समुद्री गरुड घरटी करतात, आपल्याकडे काकण म्हणतात तोच. थंडीत त्यांचा विणीचा काळ. तुमचा उडायचा काळही तोच असेल. घरट्याजवळून गोंगाट करत गेलात तर ते घरटं सोडू शकतात. शिवाय पाठीमागचा पंखा आणि घार यांची भेट कोणाच्याच हिताची नाही.

निवटी
१४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

अवांतरात अवांतर: दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी बिनइंजिनाचं असलंच यंत्र वापरलं होतं, फा ३३०. पाणबुडीच्या मागे दोरीने ओढायचं, माणूस वर बसून दुर्बिणीतून जहाजं शोधायचा. १९४३ मध्ये हिंदी महासागरात अशाने एक जहाज हेरून बुडवलं. शत्रूचं विमान दिसलं की पाणबुडी बुडी मारणार, मग वरच्या माणसाचं काय, हा प्रश्न त्याने भरतीच्या वेळी विचारला नसावा.

खेकडा_चावला
१४ नोव्हेंबर, रात्री ९:२२

आमच्या मालवणात पॅराशूटवाले तांच करतत. फक्त खाली पाणबुडी नाय, बोटवालो मोबाइलार बोलत असता.

पुणेरी_प्रश्न
१५ नोव्हेंबर, सकाळी १०:००

धागा भरकटला आहे. परवानगीचं काय? किनाऱ्यावर कोणीही काहीही उडवावं का?

निवृत्त_सार्जंट
१५ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

अजिबात नाही, आणि या वेळी पुणेरींना अनुमोदन.

चिपीला विमानतळ आहे, रत्नागिरीला तटरक्षक दलाचा तळ आहे. त्यांच्या हवेत न विचारता घुसणं म्हणजे शेजाऱ्याच्या माजघरात स्कूटर घालणं. यंत्राची नोंदणी, चालवणाऱ्याचं लायसन्स, कुठून उठणार त्या जागेची परवानगी, सगळं डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) कक्षेत येतं. जायरोबाबतचे नेमके नियम इथल्या प्रतिसादांवरून ठरवू नका, माझ्याही नाही. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. जायरो आपल्या देशात अगदीच परकं आहे असंही नाही. २०२३ च्या डिसेंबरात हरिद्वारला उत्तराखंड पर्यटनाने त्याची चाचणी घेतली होती.

आणि एक रुपया खर्च करण्याआधी वैद्यकीय तपासणी करा. नागरी विमान शिकणाऱ्याला वर्ग २ ची तपासणी लागते, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून. पन्नाशीला रक्तदाब, साखर, कान, डोळे यांत काय निघेल ते आधी कळलेलं बरं.

फणसाची_आठळी
१५ नोव्हेंबर, दुपारी २:१७

याला माझं उदाहरण. एकेचाळिसाव्या वर्षी ग्लायडर शिकायला निघालो. उत्साहात गॉगल घेतला, बूट घेतले, एका क्लबात आगाऊ पैसेही भरून बसलो. मग तपासणीत ठिपक्यांची चित्रं दाखवली, आत आकडा ओळखा म्हणाले. मला नुसते ठिपके. लाल-हिरव्यात गोंधळ आहे हे एकेचाळीस वर्षांत मला कळलं नव्हतं! आई म्हणाली, “तरीच तू नेहमी कच्चे आंबे काढून आणायचास.” पैसे परत मिळायला अकरा महिने गेले. गॉगल अजून आहे.

बोटमेकॅनिक
१६ नोव्हेंबर, रात्री ८:३६

मालवणात आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. दोन गोष्टी.

पहिली, खारं. समुद्रापासून दोन किलोमीटर आत ठेवलेल्या मोटरसायकलचे स्पोक दोन पावसाळ्यांत खातं. ॲल्युमिनियमला वरून काही दिसत नाही, रंगाखाली पांढरी भुकटी धरते. नटाखाली, जोडाखाली, जिथे दोन वेगळे धातू टेकतात तिथे आधी. पात्याच्या मुळाशी असं झालं तर काय, विचार करा. रोज गोड्या पाण्याने धुणं, पुसणं, बंद शेड. उघड्यावर ताडपत्री घालून ठेवणार असाल तर नको, ताडपत्रीखाली घाम धरतो तो अजून वाईट.

दुसरी, पेट्रोल. या यंत्रांत बहुधा रोटॅक्स ९१२ किंवा ९१४ इंजिन येतं. ते साध्या पेट्रोलवर चालतं म्हणून लोक खूश असतात. पण कंपनी इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत चालवून घेते आणि आपल्या पंपावर आता वीस टक्के मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि कोकणातल्या हवेत पाण्याला तोटा नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या इंजिनाच्या कार्बोरेटरात हेच. होडीत इंजिन अडलं तर वल्हं आहे.

तिरपी_पाती
१७ नोव्हेंबर, पहाटे २:४०

बोटमेकॅनिकचा प्रतिसाद छापून शेडमध्ये लावा. इतकंच.

सड्यावरचा
३ जानेवारी, रात्री ८:५०

धागा वर आणतोय. वहीची ५२ दिवसांची बेरीज देतो.

सकाळी सात: वारा जवळपास रोज पूर्वेकडून, फडकं नुसतं हलतं. गार, कोरडा. काही दिवशी धुकं, समुद्र दिसतच नाही. अकरा: बहुतेक दिवस फडकं लोंबलेलं, कुठे जावं ते त्यालाही कळत नाही. चार: वायव्येकडून, ताठ. नऊवारीचा काठ दोनदा बदलला.

गंमत म्हणजे मोहोराच्या फवारणीला याचा फार उपयोग झाला. पूर्वी अंदाजाने जायचो आणि निम्मं औषध माझ्याच तोंडावर. आता गडी विचारतात, “वही काय म्हणते?”

हर्णैकरांचा गुंडाळाही सापडला. कड्यापासून साठ पावलांवर दुसरा बांबू लावला. चारला पहिल्याचं फडकं आत, जमिनीकडे. दुसऱ्याचं मधूनच उलटं, समुद्राकडे. मी अर्धा तास बघत उभा होतो. मुलगा म्हणाला, “बाबा, जेवायला चला, तो बांबू कुठे जात नाही.”

हर्णैकर
३ जानेवारी, रात्री ९:१४

आजोबा असते तर तुम्हाला तांडेल केलं असतं.

कोकमसार
४ जानेवारी, सकाळी ९:२५

सगळे वाऱ्याचं बोलतायत, मी कॅलेंडरचं बोलते. आमचीही बाग आहे, वेंगुर्ल्याला.

जून ते सप्टेंबर पावसात उडणं नाही. ऑक्टोबर हीटमध्ये गडगडाट. उरले नोव्हेंबर ते मे. त्यात मोहोर, फवारणी, राखण, काढणी, पेट्या. त्यातही उडायला बरी वेळ सकाळी सात ते दहा. तुमची काढणीची वेळ कोणती? आमची तीच. म्हणजे तुमचा आंबा आणि तुमचं जायरो एकाच खुर्चीवर बसायला बघतायत. वय, धोका, परवानगी यापेक्षा मला हा प्रश्न मोठा दिसतो. एकशेसाठ तास उडालेले दादा इंग्लंडात शनिवार-रविवारी उडतात. हापूसला शनिवार-रविवार नसतो.

खेकडा_चावला
४ जानेवारी, सकाळी ९:३१

बाईंनी इमान जमनीर उतरवला.

सड्यावरचा
४ जानेवारी, रात्री १०:१२

कोकमसार, दिवसभर उत्तर शोधत होतो. नाही सापडलं.

तिरपी_पाती
५ जानेवारी, पहाटे ३:३०

प्रश्न रास्त आहे. माझा पर्याय असा की यंत्र विकत घेण्याचा विचार आत्ता सोडाच. युरोपातलं नवं दोन आसनी यंत्र घेऊन, कर भरून भारतात आणायचं तर चांगल्या गावातला चांगला फ्लॅट जाईल. आधी एक धडा घ्या. एकच. पोटाला, कानाला, मनाला झेपतं का बघा. तुमची मुलगी इकडे इंग्लंडात शिकते असं मागे एका धाग्यावर वाचल्यासारखं वाटतं. आंबा आटपला की या.

निवटी
५ जानेवारी, सकाळी १०:४०

वाखु (वाचनखूण) साठवली. जुलैत बघू.

सड्यावरचा
२१ जुलै, रात्री ११:०५

आलो परत. इथे धो धो आहे, पागोळ्यांच्या आवाजात लिहितोय. पत्रा अजून गळतो.

लावणी भावावर टाकून तीन आठवडे मुलीकडे होतो. तिरपी_पातींनी एका लहान विमानतळावर धडा ठरवून दिला. पहिल्या दिवशी ढग खाली, रद्द. दुसऱ्या दिवशी वारा आडवा, रद्द. मुलगी वैतागली. मला बरं वाटलं. उगाच उडवत नाहीत, म्हणजे माणसं शहाणी आहेत. तिसऱ्या खेपेला मिळालं.

आधी वजनकाटा. मग जाड ओव्हरऑल, हेल्मेट, कानात बोलायचं यंत्र. खिशातलं सगळं काढून ठेवायला लावलं, रुमालसुद्धा. म्हणाले, उघड्या यंत्रातून जे उडतं ते मागच्या पंख्यात जातं. मला पुढे बसवलं, गुरुजी मागे. समोर काचेचा एवढासा तुकडा, बाकी गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही.

पट्टीच्या टोकाला थांबलो. जोडणी लागली आणि डोक्यावरचं पातं निघालं. आधी दिसतं, एकेक: हे गेलं, हे गेलं. मग त्याची सावली गवतावर दिसते, मग सावलीही पुसट. पूर्ण यंत्र बाजूबाजूला डुलतं, ओल्या बैलाने अंग झाडावं तसं. मग जोडणी सुटली, काठी मागे, आणि निघालो. नाक आपसूक वर आलं, मागच्या दोन चाकांवर क्षणभर तोल, आणि पुढच्या क्षणी खडखडाट बंद. जमीन सुटली हे डोळ्यांना नाही, बुडाला कळलं.

वर गेल्यावर गुरुजींनी काठी दिली. मी दोन्ही हातांनी टिलरसारखी धरली. कानात आवाज आला: दोन बोटं. पुन्हा घट्ट झाली. पुन्हा: दोन बोटं. ती काठी सतत थरथरते, मनगटात नाडी लागावी तशी. घट्ट धरली की यंत्र डोलायला लागतं, मी ते दुरुस्त करायला जातो तोवर ते आपणच सावरलेलं असतं, मग माझी दुरुस्ती उलटी पडते, की अजून डोलतं. सोडली की शांत. वीस मिनिटं एवढंच शिकलो, काही न करणं. उंची काठीने नाही, थ्रॉटलने घ्यायची, हे डोक्याला पटलं, हाताला नाही पटलं.

मग त्यांनी इंजिन मंद केलं. आवाज गेला, डोक्यावर फक्त फुप्प-फुप्प. आणि यंत्र खाली निघालं. पानासारखं? नाही हो. जर्मन पाहुणा खोटं बोलला. चांगल्या मोठ्या फणसासारखं, पण ताब्यातला फणस. जमिनीजवळ काठी मागे, आणि पाच-दहा पावलांत उभे. पाती थांबायला मात्र किती वेळ. तोवर उतरायचं नाही.

उतरल्यावर पाय लटपटत होते. तिरपी_पातींनी चहा पाजला, आणि त्यांच्या गुरुजींसारखे गप्प न राहता बोललेही बरंच.

पुणेरी_प्रश्न
२२ जुलै, सकाळी ८:३०

फणस ही तुलना शास्त्रीयदृष्ट्या तपासावी लागेल. बाकी प्रतिसाद आवडला. (हे मी सहसा लिहीत नाही.)

कोकमसार
२२ जुलै, सकाळी ९:०२

वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. पण माझा प्रश्न जानेवारीपासून तसाच आहे.

सड्यावरचा
२२ जुलै, रात्री ९:४८

आहे, विसरलो नाही. बायकोशी बसून ठरवलं ते सांगतो.

इथे यंत्र घेणार नाही. गुंडाळा, चिरेखाणी, तारा, खारं, पेट्रोल आणि आंबा, एवढे विरोधात आहेत आणि बाजूने मी एकटा. शिकणार मात्र आहे. दर जुलैत, लावणीनंतर, जमतील तितके तास. चाळीस व्हायला किती वर्षं लागतील तो हिशेब केला, मग कागद फाडला. गणपती झाले की मुंबईला जाऊन वर्ग २ ची तपासणी करून घेतो. ठिपक्यांत आकडा दिसतो का हे आत्ताच नेटवर बघितलं. दिसतो. फणसाची_आठळी, माफ करा.

बांबू परवाच्या वावझडीत मोडला. नवा चिवा तोडून ठेवलाय, पाऊस उघडला की रोवतो. नऊवारीचे काठ मात्र संपले, बायको म्हणते आता माझं धोतर लावा.

खेकडा_चावला
२२ जुलै, रात्री ९:५५

धोतर लाव, पण नेसलेला नको.